स्वस्ताईची किंमत कोण मोजतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून सुरू झालेल्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेतील तो नीचांक होता. बरोबर वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, हाच दर ६.२१ टक्के होता आणि सरकारने रिझर्व्ह बँकेला आखून दिलेली सहा टक्क्यांची वरची मर्यादाही त्याने ओलांडली होती. बारा महिन्यांत सहा टक्क्यांवरून जवळजवळ शून्यापर्यंतची ही घसरण अर्थव्यवस्थेच्या आरोग्याचे लक्षण म्हणून सर्वत्र वाखाणली गेली. व्याजदर खाली आले, घरकर्जाचे हप्ते हलके झाले आणि महागाईचा राक्षस अखेर बाटलीत बंद झाला, अशी भावना शहरी मध्यमवर्गात निर्माण झाली.

त्याच ऑक्टोबरात महाराष्ट्रातील चित्र मात्र वेगळे होते. सप्टेंबरअखेरच्या अतिवृष्टीने मराठवाडा, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या काही भागांतील खरिपाची पिके पाण्याखाली गेली होती. राज्य सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली होती. निर्देशांक स्वस्ताईची ग्वाही देत असताना तो निर्देशांक ज्यांच्या मालाने खाली आणला, ते शेतकरी पंचनाम्याची वाट पाहत होते. या विरोधाभासाकडे केवळ योगायोग म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. भारतात महागाई कशी मोजली जाते, ती आटोक्यात कशी आणली जाते आणि त्याचा भार कोणावर पडतो, या तीनही प्रश्नांची उत्तरे त्यात दडलेली आहेत.

एक उपनगर, तीन हिशेब

हे प्रश्न समजून घेण्यासाठी दिल्ली-मुंबईपेक्षा केडगावसारखे ठिकाण अधिक उपयोगी आहे. पुणे रस्त्यावरचे हे एकेकाळचे स्वतंत्र गाव आज अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. शहराला आजही सर्रास नगर म्हटले जाते. नामांतर अधिकृतपणे २०२४ मध्ये झाले. जुन्या गावठाणाभोवती गेल्या दोन-अडीच दशकांत सोसायट्या आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शहरात नोकरी करणाऱ्या आणि बँकेचे कर्ज काढून घर घेणाऱ्या कुटुंबांचे हे गाव झाले. त्याच वसाहतींत निवृत्त शिक्षक, सरकारी कर्मचारी आणि बँकेतील ठेवीच्या व्याजावर घर चालविणारे ज्येष्ठ नागरिक राहतात. आणि जवळच नगर बाजार समितीचा नेप्ती उपबाजार आहे. नगर, पारनेर, श्रीगोंदा आणि आसपासच्या तालुक्यांतून गोण्यांत भरलेला कांदा तेथे लिलावासाठी येतो.

कर्जदार, ठेवीदार आणि कांदा उत्पादक हे तीन वर्ग येथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. कित्येकदा ते एकाच घरात असतात. वडील ठेवीवर अवलंबून, मुलगा घरकर्जाचे हप्ते भरणारा आणि गावाकडे भावकीत कांद्याची चाळ, असे कुटुंब या भागात दुर्मीळ नाही. महागाईच्या एकाच आकड्याचा अशा कुटुंबावर तीन दिशांनी परिणाम होतो. राष्ट्रीय सरासरीत हे तीन परिणाम एकमेकांत मिसळून जातात आणि दिसेनासे होतात.

आकड्यामागचा आकडा

प्रथम निर्देशांकाची रचना पाहावी लागेल. २०१२ च्या मालिकेत अन्न व पेये या गटाचे वजन ४५.८६ टक्के होते. म्हणजे महागाईच्या शंभर पैशांतील जवळजवळ शेहेचाळीस पैसे स्वयंपाकघरातले होते. स्वाभाविकच भाजीपाला, डाळी आणि धान्य यांचे भाव हलले की संपूर्ण निर्देशांक हलतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नधान्याची महागाई १०.८७ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे ५.०२ टक्के झाली. भाज्यांचे भाव तर आदल्या वर्षीच्या तुलनेत पाव हिश्श्याहूनही अधिक उतरले. २०२४ आणि २०२५ ही दोन्ही वर्षे देशपातळीवर सरासरीपेक्षा जास्त पावसाची गेली, पिके चांगली आली आणि आदल्या वर्षीचे भाव चढे असल्याने तुलनेतील घसरण अधिकच खोल दिसली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर कमी झाल्याचाही त्याला हातभार लागला.

मात्र अन्न आणि इंधन वगळून उरणारी महागाई, जिला अर्थशास्त्री गाभ्याची महागाई म्हणतात, ती याच महिन्यात चार टक्क्यांच्या वर होती. सोन्याच्या भडकलेल्या भावाचा त्यात मोठा वाटा होता हे खरे. तरीही शाळेची फी, दवाखाना आणि घरभाडे यांत शून्य टक्के महागाई कोणाही कुटुंबाने अनुभवली नाही. थोडक्यात, महागाई उतरली ती प्रामुख्याने शेतमाल उतरल्यामुळे. कारखान्यातील वस्तू आणि सेवा त्या प्रमाणात स्वस्त झाल्या नाहीत. शहरी ग्राहकाला मिळालेली सवलत शेतकऱ्याच्या उत्पन्नातून आली, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

पूर्वी हा संबंध इतका थेट नव्हता. २००८ च्या ऑगस्टमध्ये चलनवाढीचा दर तेरा टक्क्यांच्या जवळ पोहोचला, तेव्हा सर्वांचे लक्ष दर आठवड्याला जाहीर होणाऱ्या घाऊक किंमत निर्देशांकाकडे असे. तेल, पोलाद, सिमेंट यांच्या भावांची चर्चा त्यात प्रामुख्याने होई. डॉ. ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांक हाच पतधोरणाचा आधार असावा, अशी शिफारस केली. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन सहा सदस्यांची पतधोरण समिती अस्तित्वात आली आणि चार टक्के महागाईचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. त्यात दोन टक्के वर किंवा खाली जाण्याची मुभा ठेवली गेली. उद्दिष्ट सलग तीन तिमाही हुकले, तर बँकेने सरकारला लेखी कारणे द्यावीत, असेही ठरले. २०२२ मध्ये तशी वेळ आलीही. सामान्य माणसाला जाणवणारी महागाई धोरणाच्या केंद्रस्थानी आली, ही या बदलाची जमेची बाजू. मात्र त्याबरोबर कांद्याचा भाव हा राष्ट्रीय पतधोरणाचा विषय बनला.

हप्ता हलका, ठेव रोडावलेली

आता व्याजदरांकडे वळू. युक्रेन युद्धानंतर एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये नियोजित वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर चार टक्क्यांवरून ४.४० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० टक्क्यांवर नेला. पुढची दोन वर्षे तो तेथेच राहिला. शक्तिकांत दास यांच्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये संजय मल्होत्रा गव्हर्नर झाले आणि फेब्रुवारी २०२५ पासून कपातीचे चक्र सुरू झाले. फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी पाव टक्का, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का आणि डिसेंबरमध्ये पुन्हा पाव टक्का अशी एकूण सव्वा टक्क्याची कपात होऊन २०२५ च्या अखेरीस रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आला. जूनमध्येच बँकांच्या रोख राखीव प्रमाणात टप्प्याटप्प्याने एक टक्का कपात जाहीर करून कर्जासाठी अधिक पैसा मोकळा करण्यात आला.

याचा लाभ केडगावच्या कर्जदाराला तुलनेने लवकर मिळाला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना घरकर्जासारखी बदलत्या दराची नवी वैयक्तिक कर्जे रेपोसारख्या बाह्य मापदंडाशी जोडावी लागतात. पूर्वी दरवाढ तत्काळ आणि दरकपात सवडीने, असा बँकांचा खाक्या होता. त्याला या नियमाने बराच आळा घातला. वीस वर्षे मुदतीच्या पंचवीस लाखांच्या कर्जाचा दर पावणेनऊ टक्क्यांवरून साडेसात टक्के झाला, तर मासिक हप्ता सुमारे २२,०९० रुपयांवरून २०,१४० रुपयांवर येतो. महिन्याकाठी साडेएकोणीसशे रुपयांची ही बचत मध्यमवर्गीय घरात किरकोळ नसते. अर्थात अनेक बँका दर वाढताना हप्ता तोच ठेवून मुदत वाढवितात आणि दर उतरल्यावर मुदत घटवितात. त्यामुळे हप्ता उतरलाच नाही असे वाटणाऱ्या कर्जदाराने आपली शिल्लक मुदत तपासून पाहणे श्रेयस्कर.

त्याच रस्त्यावर राहणाऱ्या ठेवीदाराची कहाणी उलटी आहे. दहा लाखांच्या ठेवीवर व्याज एक टक्क्याने घटले की वर्षाचे दहा हजार रुपये कमी होतात. येथे अर्थशास्त्राचे पुस्तकी उत्तर असे, की ठेवीदाराने नाममात्र व्याज न पाहता वास्तव व्याज पाहावे. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या बँकांत वर्षाच्या ठेवीवर पाच-सव्वापाच टक्के मिळत आणि महागाई पावणेआठ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे ठेवीचे मोल दरवर्षी झिजत होते. २०२५ च्या ऑक्टोबरात ठेवीवर सहा-सव्वासहा टक्के मिळत असताना महागाई शून्याजवळ होती. पुस्तकाप्रमाणे ठेवीदाराला इतके चांगले दिवस क्वचितच येतात.

प्रत्यक्षात मात्र त्याला तसे वाटले नाही, आणि त्याचे वाटणे चुकीचे नव्हते. निवृत्त माणसाच्या खर्चात भाजीचा वाटा मर्यादित असतो. औषधे, तपासण्या, विम्याचा हप्ता आणि घराची देखभाल हे खर्च निर्देशांकाबरोबर उतरत नाहीत. शिवाय भाजी स्वस्त होते ती काही महिन्यांपुरती आणि ठेवीचे नूतनीकरण होते ते वर्षा-दोन वर्षांसाठी. तात्पुरत्या स्वस्ताईच्या आधारे दीर्घ मुदतीचे व्याज ठरले, तर भाव परत चढल्यावर ठेवीदार कमी व्याजात अडकून पडतो. टपाल खात्याच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ८.२ टक्के दर एप्रिल २०२३ पासून २०२५ च्या अखेरपर्यंत सरकारने कायम ठेवला, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण तेथे गुंतवणुकीला मर्यादा आहे आणि उरलेली रक्कम बँकेतच ठेवावी लागते.

व्याज घटले की जास्त व्याजाचा शोध सुरू होतो आणि नगर जिल्ह्याला या शोधाची किंमत ठाऊक आहे. सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात नागरी बँका आणि पतसंस्थांचे जाळे दाट आहे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते मुळीच नाही. सरकारी बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज देऊ करणाऱ्या संस्थेकडे जाताना हा फरक लक्षात ठेवला पाहिजे. कारण व्याजदर घसरणीच्या काळात जोखीम नकळत वाढते आणि ती सर्वांत कमी पेलू शकणाऱ्यांच्या गळ्यात पडते.

नेप्तीच्या लिलावात रेपो दर कोठे?

तिसरा हिशेब कांदा उत्पादकाचा. रेपो दरातील कपात त्याच्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विकास सोसायटीमार्फत जिल्हा बँकेकडून मिळणाऱ्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर बाजार ठरवीत नाही, सरकार ठरविते. केंद्राच्या योजनेत हा दर सात टक्के असून वेळेवर फेड केल्यास तो चार टक्के पडतो. राज्य सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे नियमित फेड करणाऱ्याला तो शून्य टक्के होतो. त्यामुळे मुंबईत रेपो दर साडेसहा असो वा सव्वापाच, सोसायटीच्या सभासदाच्या खतावणीत फरक पडत नाही. ट्रॅक्टर, विहीर किंवा चाळीसाठी घेतलेल्या कर्जाची गोष्ट निराळी. परंतु हंगामाचा मुख्य आधार असलेले पीककर्ज दरकपातीच्या लाभापासून दूरच राहते.

महागाईविरोधी लढाईचा भार मात्र त्याच्यापर्यंत अचूक पोहोचतो. तो व्याजदराच्या वाटेने येत नाही. तो निर्यात धोरणाच्या वाटेने येतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ऑक्टोबरअखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी, म्हणजे नगर लोकसभा मतदारसंघात मतदान होण्याच्या नऊ दिवस आधी, ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांसह खुली झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य हटले आणि शुल्क २० टक्के झाले. १ एप्रिल २०२५ रोजी शुल्कही गेले. सुमारे वीस महिन्यांत एका पिकाच्या निर्यातीचे नियम इतक्या वेळा बदलले. त्याआधी सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्येही निर्यातबंदी झालीच होती.

प्रत्येक निर्णयामागे ग्राहकहिताचे कारण दिले गेले आणि ते खोटे नव्हते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या भडक्याने महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली होती. कांद्याने तीच वाट धरू नये, ही सरकारची चिंता समजण्यासारखी होती. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याच्या भावाने दिलेला तडाखा कोणत्याही सत्ताधाऱ्याच्या स्मरणातून जाणे कठीण. २०१२ च्या निर्देशांकात कांद्याचे वजन अवघे ०.६४ टक्के होते. पण भाव दुप्पट-तिप्पट होण्याची या पिकाची वृत्ती पाहता एवढे वजनही एकूण आकडा हलवायला पुरते.

प्रश्न आहे तो एकतर्फीपणाचा. भाव चढला की निर्यात तत्काळ बंद होते. भाव कोसळला की तितक्याच तत्परतेने काही घडत नाही. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये लाल कांद्याचे भाव पडले, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. तेही दोनशे क्विंटलच्या मर्यादेत आणि माल विकून झाल्यावर. नाफेड आणि एनसीसीएफ यांच्यामार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी भावाला थोडा आधार देते. परंतु हाच साठा भाव चढू लागला की बाजारात ओतला जातो. त्याचे नाव भाव स्थिरीकरण असले, तरी चढत्या भावालाच अडविण्याकडे त्याचा कल अधिक राहिला आहे.

याचे दूरगामी परिणाम केवळ एका हंगामापुरते राहत नाहीत. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा मोठा ग्राहक. वारंवारच्या बंदीने त्याने अन्य देशांकडे आणि स्वतःच्या उत्पादनाकडे मोर्चा वळविला. एकदा गेलेला ग्राहक शुल्क हटविल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही. म्हणूनच २०२५ मध्ये निर्यात पूर्ण खुली असूनही भाव सावरले नाहीत. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि इक्रियर यांच्या संयुक्त अभ्यासात असे आढळले होते, की २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेले एकूण साहाय्य उणे १४ टक्के होते. खते-विजेची अनुदाने जमेस धरूनही निर्यातबंदी आणि तत्सम निर्बंधांमुळे शेतकरी ग्राहकाला अप्रत्यक्ष अनुदान देत होता, असा त्याचा अर्थ.

आणि हे अनुदान पूर्णपणे ग्राहकालाही मिळत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार कांद्यासाठी ग्राहक मोजत असलेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. टोमॅटोत हे प्रमाण ३३ आणि बटाट्यात ३७ पैसे आहे. केडगावच्या भाजीबाजारात तीस रुपये किलोने घेतलेल्या कांद्यापैकी अकरा रुपयांच्या आसपास शेतकऱ्याचे, असा हा हिशेब. त्यातून रोपे, खते, मजुरी, गोणी आणि गाडीभाडे वजा जाते. उरलेले एकोणीस रुपये वाहतूक, घट, साठवण आणि मधल्या हातांचे. भाव पाडण्याचे धोरण या एकोणीस रुपयांना हात लावत नाही. ते अकरा रुपयांतूनच कापते.

निर्देशांकातून अन्न वगळावे काय?

या कोंडीवर एक सुटसुटीत उपाय सुचविला जातो. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात, मुख्य आर्थिक सल्लागार व्ही. अनंत नागेश्वरन यांनी महागाईचे उद्दिष्ट अन्न वगळून ठरविण्याचा विचार व्हावा, असे मांडले. ऑगस्ट २०२५ मध्ये पतधोरण चौकटीच्या फेरविचारासाठी रिझर्व्ह बँकेने चर्चापत्र काढले, त्यातही एकूण महागाई की गाभ्याची महागाई, हा प्रश्न होता. युक्तिवाद सरळ आहे. पाऊस पडला नाही म्हणून कांदा महागला, तर रेपो दर वाढवून कांदा पिकत नाही. कारखानदाराचे कर्ज महाग होते, इतकेच.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. ज्या देशात कुटुंबाच्या खर्चाचा एवढा मोठा भाग अन्नावर जातो, तेथे अन्न वगळून केलेल्या महागाईच्या मोजणीवर लोक विश्वास ठेवणार नाहीत. अन्नाचे भाव दीर्घकाळ चढे राहिले, तर मजुरी वाढते, खाणावळीचे दर वाढतात आणि भाजीची महागाई गाभ्यात झिरपते. म्हणून अन्नाकडे दुर्लक्ष करणे मध्यवर्ती बँकेला परवडत नाही. शिवाय घरातल्या बाईला चार टक्क्यांचे आश्वासन देऊन तिच्या पिशवीतल्या वस्तूच त्यातून वगळणे लोकशाहीत टिकणारे नाही.

पण केडगावच्या दृष्टीने पाहता या वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी कांदा उत्पादकाचा प्रश्न सुटत नाही. निर्यातबंदीचा निर्णय रिझर्व्ह बँक घेत नाही, दिल्लीतील मंत्रालये घेतात. उद्दिष्टातून अन्न वगळले, तरी मतदाराच्या मनातून ते वगळता येत नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ हे पायाभूत वर्ष धरून ग्राहक किंमत निर्देशांकाची नवी मालिका सुरू झाली आणि तीत अन्न व पेयांचे वजन सुमारे ३७ टक्क्यांवर आले. खर्चाच्या बदललेल्या सवयींचे ते प्रतिबिंब आहे. भाजीच्या चढउताराने आकडा पूर्वीइतका हेलकावणार नाही आणि पतधोरण थोडे स्थिर होईल. परंतु निर्यातीच्या दाराची कडी ज्यांच्या हाती आहे, त्यांची सवय निर्देशांकाच्या वजनाने बदलण्याची शक्यता कमीच.

बदल हवा तो नियमांत. कांद्याचा भाव किती चढला की निर्यातीवर किती शुल्क लागेल आणि किती उतरला की ते आपोआप हटेल, हे हंगामापूर्वी जाहीर करता येते. सरकार ज्या भावाला साठा बाजारात आणते, त्याच्या जोडीला ज्या भावाखाली खरेदी वाढवील तो भावही जाहीर करू शकते. देशातील सुमारे सत्तर टक्के कांदा रब्बीचा. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चाळीत टिकवावा लागतो. त्यात घट आणि सड मोठी असते. चाळींची सुधारणा आणि शीतसाठवणीवरील खर्च हा महागाई नियंत्रणावरचाच खर्च आहे, या दृष्टीने त्याकडे पाहिले पाहिजे. तो ग्राहक आणि उत्पादक दोघांच्या कामाचा आहे आणि बंदीप्रमाणे एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला दिलेला नाही.

पुढची वाट

आगामी काळात काय घडेल याचे काही संकेत गणितातच आहेत. २०२५ च्या उत्तरार्धातील महागाईचा आकडा इतका खाली होता, की त्याच्याशी तुलना करून निघणारा पुढच्या वर्षीचा दर आपोआप मोठा दिसतो. कांदा वीस रुपयांवरून दहावर आला की पन्नास टक्के घसरण आणि दहावरून परत वीसवर गेला की शंभर टक्के वाढ! भाव मूळ जागी आला, एवढेच त्यात घडलेले असते. नव्या मालिकेचा जानेवारी २०२६ चा पहिला दर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला, तो या दिशेनेच. शेतमालाचे भाव सावरू लागले, की महागाई वाढल्याची ओरड होणार आणि त्याबरोबर पुन्हा निर्यातीकडे बोट दाखविले जाणार. या वेळी पडलेला भाव सावरणे आणि खरा भडका यांतला फरक सरकार ओळखते काय, हीच धोरणाची कसोटी ठरेल.

दुसरा संकेत बाहेरून येतो. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरचा दर प्रथमच नव्वद रुपयांपलीकडे गेला. रुपया घसरला की तेल, खते आणि खाद्यतेल महागते. व्याजदर आणखी खाली नेण्यावर ही मोठी मर्यादा आहे, कारण व्याजातील फरक कमी झाला की परदेशी पैसा बाहेरची वाट धरतो. फेब्रुवारी २०२६ च्या बैठकीत पतधोरण समितीने दर जैसे थे ठेवला, त्यामागचा सावधपणा या पार्श्वभूमीवर समजण्याजोगा आहे. तिसरा घटक पावसाचा. सलग दोन चांगल्या पावसाळ्यांनंतर तिसऱ्याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

या परिस्थितीत कर्जदाराने अल्प व्याजाचा काळ कायमचा समजू नये. हप्ता हलका झाला असेल, तर शक्य तितकी मुद्दल फेडून ठेवणे शहाणपणाचे. चक्र उलटते तेव्हा ते किती वेगाने उलटते, हे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांनी दाखवून दिले आहे. त्या अवधीत रेपो दर अडीच टक्क्यांनी चढला होता. ठेवीदाराने सगळी रक्कम एकाच मुदतीत न अडकविता वेगवेगळ्या मुदतींत विभागावी आणि जास्त व्याजापुढे सुरक्षिततेचा विसर पडू देऊ नये. हे दोघे काही प्रमाणात तरी स्वतःचा बचाव करू शकतात. कांदा उत्पादकाला तशी सोय नाही. लागवड करताना निर्यातीचा नियम एक असतो, काढणीच्या वेळी दुसरा आणि चाळ फोडताना तिसरा.

कमी महागाई हे कोणत्याही अर्थव्यवस्थेचे योग्यच उद्दिष्ट आहे आणि चढत्या भावाचा मार सर्वांत आधी गरिबाला बसतो, याविषयी दुमत नाही. नेप्तीला कांदा विकणारा शेतकरीही तेल, डाळ आणि औषध विकतच घेतो. त्यालाही महागाई नकोच आहे. त्याची तक्रार स्वस्ताईबद्दल नसून तिच्या वाटणीबद्दल आहे. भाव स्थिर ठेवण्याचा खर्च सरकारने साठवणुकीत, खरेदीत आणि अंदाजपत्रकात उघडपणे मांडला, तर तो सर्व करदात्यांत वाटला जाईल. तो निर्यातबंदीच्या अधिसूचनेत दडवला, की एकट्या उत्पादकाच्या पदरी येतो आणि त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. महागाईचा पुढचा आकडा जाहीर होईल, तेव्हा तो किती उतरला याबरोबरच कोणाच्या जोरावर उतरला, हेही विचारले गेले पाहिजे.